अथीनियन, व्हिसिगॉथ आणि आमचा इंग्रजीचा पाठ

परकी भाषा शिकणारा विद्यार्थी केवळ शब्द आणि व्याकरण शिकतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ज्या उताऱ्यावरून तो भाषा शिकतो, त्यातील मतेही नकळत त्याच्या मनात उतरतात. आणि पुढे शब्द विसरले तरी मते मागे राहतात. यास्तव पाठासाठी उतारा निवडणे हे मोठ्या जबाबदारीचे काम होय. नील पोस्टमन या अमेरिकन लेखकाचे ‘माझे पदवीदान-भाषण’ हल्ली इंग्रजी शिकणाऱ्यांस पाठ म्हणून देण्यात येते. तो पाठ राधानगरीसारख्या गावच्या विद्यार्थ्याने कसा वाचावा, याचा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

पोस्टमन (1931–2003) हे न्यूयॉर्क विद्यापीठातील प्राध्यापक. दूरचित्रवाणीमुळे सार्वजनिक चर्चेची करमणूक कशी होऊन बसते, हे दाखविणाऱ्या त्यांच्या 1985 सालच्या ग्रंथाने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. प्रस्तुत भाषण त्यांच्या 1988 सालच्या निबंधसंग्रहात आहे. आणि ज्यास ते आवडेल त्याने योग्य प्रसंगी ते खुशाल आपले म्हणून वाचावे, अशी परवानगीही त्यांनी उदारपणे देऊन ठेविली आहे.

भाषणाचा विषय दोन प्राचीन लोकसमाज हा आहे. पहिले सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे अथेन्सवासी. लोकशाही, तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र, नाटक ही त्यांची देणगी. दुसरे व्हिसिगॉथ, सुमारे सतराशे वर्षांपूर्वीचे, घोडेस्वारीत निपुण, परंतु पुस्तके जाळणारे, इमारती पाडणारे, ज्यांची भाषा ओबडधोबड आणि कलाही तशीच. पोस्टमन पदवीधरांस सांगतात की हे दोन्ही समाज कालौघात गेले, तथापि त्यांच्या वृत्ती जिवंत आहेत. तुम्हांस त्यांपैकी एक होणे प्राप्त आहे. जो ज्ञानास ज्ञान म्हणून मान देतो, शब्द जपून वापरतो, परंपरेचा आदर करतो आणि सार्वजनिक कार्यास आपले मानतो, तो अथीनियन. ज्यास ज्ञान म्हणजे केवळ द्रव्य वा सत्ता मिळविण्याचे साधन, आणि ज्यास कोणताही शब्द कोणत्याही शब्दासारखाच, तो व्हिसिगॉथ.

पाठ म्हणून या भाषणाचे गुण उघड आहेत. आमच्याकडील कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. त्या पाठमालेने वाक्यरचना पक्की होई, यात संशय नाही. परंतु सुटी वाक्ये म्हणजे सुटे मणी, त्यांत विचाराचा दोरा नसतो. येथे तो दोरा आहे. एक वाक्य अथीनियनाविषयी, दुसरे त्याच साच्यात व्हिसिगॉथाविषयी, असा क्रम चालत असल्यामुळे विद्यार्थ्यास एका वाक्यावरून दुसऱ्याचा अर्थ लावता येतो. शब्दकोशाकडे वारंवार धावावे लागत नाही. विरोध कसा मांडावा, व्याख्या कशी करावी, श्रोत्यास विसाव्याला जागा कोठे द्यावी, हे सारे तो न सांगता शिकतो. भाषण लहान आहे, हाही गुण थोडा नव्हे.

आता आक्षेपाकडे वळू. जगाचे सुसंस्कृत आणि रानटी असे दोन भाग करून त्यांची परीक्षा भाषेवरून करावी, ही कल्पना पोस्टमन यांची नव्हे. ती फार जुनी आहे. रानटी या अर्थी युरोपात रूढ झालेला ‘बार्बेरियन’ हा शब्द ग्रीकांनीच दिला. ज्याचे बोलणे ‘बर-बर’ असे काहीतरी अगम्य वाटते, तो बार्बरोस. आमच्याकडे ‘म्लेच्छ’ शब्दाचे मूळही अस्पष्ट बोलण्यातच आहे. अशुद्ध उच्चारामुळे असुरांचा पराभव झाला, अशी कथा पतंजलींच्या महाभाष्यात आली आहे. तेव्हा ग्रीक असो वा आर्य, दोघांनीही आपल्याहून निराळे बोलणाऱ्यास खालच्या पायरीवर बसविले. पोस्टमन यांचा रोख उच्चारावर नाही, विचारशून्य बोलण्यावर आहे, हे आम्ही मान्य करितो. परंतु जो मुलगा अडखळत इंग्रजी वाचतो आहे, त्यास हा सूक्ष्म भेद कोण सांगणार? ज्याची भाषा ओबडधोबड तो व्हिसिगॉथ, असे वाचून तो प्रथम स्वतःकडेच पाहील.

त्यास धीर देणारी गोष्ट इतिहासातच आहे. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या धर्मोपदेशकाने ग्रीक अक्षरांच्या आधारे गॉथ लोकांसाठी लिपी सिद्ध केली आणि बायबलाचे भाषांतर त्यांच्या भाषेत केले. त्याची रुपेरी अक्षरांत लिहिलेली एक प्राचीन प्रत स्वीडनमधील उप्सालास जतन केलेली आहे. गॉथांनी 410 साली रोम लुटले हे खरे. परंतु पुढे स्पेनमध्ये त्यांच्याच राज्यात सेव्हिलच्या इसिडोरने प्राचीन विद्येचा कोश रचिला, आणि 654 साली गॉथ व रोमन या दोघांस एकच कायदा लागू झाला. उलट अथेन्सच्या सभेत स्त्रियांस व गुलामांस स्थान नव्हते. आणि सॉक्रेटिसास इ. स. पू. 399 मध्ये विष देणारे न्यायसभेचे सभासद अथेन्सचेच नागरिक होते. सर्वांत मौजेची गोष्ट अशी की, ज्या इंग्रजीत अथेन्सची ही स्तुती लिहिली आहे, ती ग्रीकची नव्हे, गॉथिकची सोयरी आहे. ‘ब्रदर’, ‘डॉटर’ आणि ‘सन’ यांची भावंडे गॉथिकमध्ये आहेत, आणि आमच्या भ्रातृ, दुहितृ, सूनु या शब्दांतही आहेत.

खुद्द आमच्या प्रांताची साक्ष तर याहून बोलकी आहे. राधानगरीचे धरण ज्या भोगावतीवर आहे, ती नदी पुढे पंचगंगेच्या प्रवाहात मिसळते. आणि त्याच पंचगंगेच्या काठी कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची लहानशी मूर्ती सापडली. कार्ल्याच्या लेण्यात स्तंभांचे दान करणाऱ्यांत कित्येक ‘यवन’ आहेत, आणि त्यांचे लेख ग्रीक भाषेत नसून ब्राह्मी लिपीत, प्राकृतात कोरलेले आहेत. यवन म्हणजे मूळचा आयोनियन, अथेन्सवासीयांचा भाऊबंद. तो येथे आला, येथील भाषेत आपले दान नोंदवून गेला. आणि शतके लोटल्यावर त्याचेच नाव आमच्या भाषेत परक्यास, प्रसंगी तिरस्काराने, लावण्यात येऊ लागले. अथीनियनाचा सोयरा आमच्या तोंडी रानटी ठरला! यावरून रानटीपणाची पाटी किती सहज एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, हे दिसून येईल.

असे असता हा पाठ टाकून द्यावा काय? आमचे मत तसे नाही. भाषणाच्या पोटातच त्याच्या दोषावर उतारा आहे. पोस्टमन सांगतात की पदव्या मिळवून कोणी अथीनियन होत नाही. त्यांना भेटलेल्या निष्ठावंत अथीनियनांपैकी एक त्यांचे सासरे होते, आणि त्या गृहस्थाने सारा जन्म न्यूयॉर्कच्या कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतण्यात घालविला. उलट कित्येक वैद्य, वकील व अभियंते व्हिसिगॉथ असतात. आमच्या मते हाच या भाषणाचा गाभा होय, आणि राधानगरीस तो समजावून सांगण्यास दूर जावे लागत नाही. शाहू छत्रपतींनी 1917 साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि या धरणाचा आरंभही त्यांनीच केला होता. 1922 साली ते निवर्तले आणि धरण पुरे व्हावयास 1957 साल उजाडले. ज्यांनी त्याचे दगड वाहिले त्यांपैकी बहुतेकांस अथेन्सचे नावही ठाऊक नसेल. तथापि आपल्या मागून येणाऱ्यांच्या शेतास पाणी मिळावे म्हणून चाललेल्या कामात त्यांचा हात होता. सार्वजनिक कार्याची पोस्टमन यांची कसोटी त्यांस लावली तर ते कोणत्या पंक्तीत बसतील, हे शिक्षकाने वर्गास विचारावे.

शिक्षकांइतकीच आमच्या सुशिक्षित कुटुंबांसही एक सूचना करावीशी वाटते. मुलाचे इंग्रजी सफाईदार झाले की आपण धन्य होतो, आणि गावाकडच्या माणसाच्या ‘न’ आणि ‘ण’ वर त्याच घरात हसे होते. हे हसू ग्रीकांच्या ‘बर-बर’ इतकेच जुने आहे. या भाषणावरून मुलास इंग्रजी अवश्य शिकवावे. परंतु व्हिसिगॉथ कोण, याचा शोध त्याने दुसऱ्याच्या उच्चारात न करता स्वतःच्या वागणुकीत करावा, एवढे शिकविल्यावाचून पाठ पुरा झाला असे समजू नये.