बुढीचं विसरणं कोण बघतं?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) हा स्मृतिभ्रंशावरचा मी पाहिलेला सगळ्यात चांगला मराठी सिनेमा. तरीही आर्णीसारख्या तालुक्याच्या गावात बसून तो पाहिला की त्याच्याशी दोन मुद्द्यांवर भांडावंसं वाटतं.

गोष्ट थोडक्यात अशी. डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे विद्वान, आता अल्झायमरने ग्रासलेले. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून कामासाठी उतरते, आणि शास्त्रीबुवा रस्त्यावरून जाणाऱ्या हत्तीच्या मागे चालू लागतात. इकडे घरचे शोधत राहतात, तिकडे माहुताची कानडी बोलणारी बायको चन्नम्मा त्यांना सांभाळते. ते तिला आई म्हणतात. शास्त्रीबुवा झालेले मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. ते वेडाचे हावभाव करत नाहीत. त्यांच्या डोळ्यांत भीतीपेक्षा कुतूहल जास्त दिसतं, आणि तेच जास्त लागतं. चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाषला सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो अगदी योग्य होता.

पहिलं भांडण: विसरतं कोण? शास्त्रीबुवांचं विसरणं आपल्याला हलवतं, कारण त्यांच्याकडे गमावण्यासारखं संस्कृत आहे. पंडित शब्द विसरला की शोकांतिका होते. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा आहे की साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त आहे. म्हणजे या आजाराचा चेहरा शोधायचा तर तो पुण्याच्या पंडितापेक्षा आमच्याकडच्या, शाळेत न गेलेल्या, जन्मभर कापूस वेचलेल्या बुढीचा निघण्याची शक्यता जास्त.

तिचं विसरणं मात्र दिसत नाही. भाजीत दोनदा मीठ पडलं की सून चिडते. वावरातून घरी यायचा रस्ता चुकला की लोक म्हणतात, ‘बुढीले चळ लागला.’ ‘म्हातारचळ’, ‘साठी बुद्धी नाठी’ असे शब्द आपल्याकडे तयारच आहेत, आणि त्यांनी आजाराचं नाव घेण्याची गरजच संपवली आहे. तपासणीतही तीच अडचण. तारीख विचारणारी, वाक्य लिहायला लावणारी चाचणी पाटी-पेन्सिल न धरलेल्या बाईला आधीच नापास करते. म्हणून नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या संशोधकांना निरक्षर माणसांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बांधावी लागली.

दुसरं भांडण: सांभाळतं कोण? चन्नम्मा न शिकता, न चिडता, पैसे न मागता शास्त्रीबुवांचं सगळं करते. सिनेमा हे तिच्या आईपणातून आलेलं दाखवतो. ते पाहताना डोळे भरतात, पण मला धोकाही दिसतो. सेवा बाईच्या रक्तातच असते असं एकदा ठरलं की घरच्या सुनेला मदत कशाला हवी?

इथे गोव्यातलं एक संशोधन आठवतं. अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. स्थानिक भाषा येणाऱ्या, बारावीपर्यंत शिकलेल्या माणसांना त्यांनी आठवडाभराचं प्रशिक्षण दिलं आणि डिमेन्शियाच्या रुग्णांच्या घरी पाठवलं. पंधरवड्यातून निदान एकदा भेट, असं सहा महिने. पाठीशी समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ. एकूण ८१ कुटुंबं या प्रयोगात होती. काहींना भेटी लगेच मिळाल्या, बाकीच्यांना आधी फक्त माहिती. शेवटी रुग्णाच्या दैनंदिन क्षमतेत ठळक फरक पडला नाही. पण सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं, आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला.

हा निष्कर्ष वाचताना ‘अस्तु’ परत आठवला. ‘अस्तु’ म्हणजे ‘असो, तसं होवो’. बाबा बरे होणार नाहीत हे मान्य करण्याकडे इराचा प्रवास चालला आहे. गोव्याचे आकडेही तेच सांगतात: आजार हटत नाही, पण त्याच्यासोबत जगणं सोपं करता येतं. फरक एवढाच की सिनेमात हे शहाणपण एका माणसाला आतून, एकटीने कमवावं लागतं. गोव्यात ते कुणीतरी दारात येऊन, शेजारी बसून शिकवतं.

म्हणून ‘अस्तु’ जरूर बघा. चन्नम्मा आवडली तर तिला नमस्कार करून थांबू नका. तिचं काम किती तासांचं आहे ते मोजा. बारावी झालेल्या, वऱ्हाडी बोलणाऱ्या पोरी आर्णी तालुक्यात गावोगावी आहेत. त्यांना शिकवणारं आणि पगार देणारं कुणी उभं राहिलं, तर पेरणीच्या दिवसांत बुढीला घरात कोंडून वावरात जाणाऱ्या सुनेला ‘असो’ म्हणायला थोडी जागा मिळेल.