ग्रामीण पेयजल सुरक्षा आणि विद्यापीठीय संशोधनाची भागीदारी : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

क्षेत्रफळाच्या दृष्टीने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असलेला अहमदनगर जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर या नावाने ओळखला जातो. पाण्याच्या अंगाने या जिल्ह्याइतका अभ्यास राज्यातील फारच थोड्या जिल्ह्यांचा झाला असावा. राळेगण सिद्धी, हिवरे बाजार, दरेवाडी ही नावे पाणलोट विकासाच्या संदर्भसूचीत हमखास आढळतात. राहुरी येथे १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. असे असूनही २०१९ आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पाथर्डी, पारनेर आणि संगमनेरचा पठार भाग येथे टँकर फिरतच होते. अभ्यास आणि टँकर एकाच जिल्ह्यात इतकी वर्षे शेजारी नांदत आले आहेत. तेव्हा विद्यापीठे व महाविद्यालये 'भागीदारी' या नावाखाली नेमके काय करतात, हे तपासणे अगत्याचे ठरते.

प्रथम एक साधा हिशेब मांडू. जलजीवन मिशनच्या (२०१९) निकषानुसार ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाणी अपेक्षित आहे. जनावरांचे पाणी यात धरलेले नाही, ही त्यातील एक उणीवच होय. २,००० लोकवस्तीच्या गावाला या दराने दिवसाला १ लाख १० हजार लिटर पाणी लागते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून जूनअखेरपर्यंतच्या सुमारे १३० दिवसांसाठी ही गरज १ कोटी ४३ लाख लिटर, म्हणजे १४,३०० घनमीटर इतकी होते. प्रवाही सिंचनाखालील एक हेक्टर ऊस वर्षाला साधारणपणे याहून अधिक पाणी घेतो. सबंध गावाचा उन्हाळा एका हेक्टर उसात मावतो ! याचा अर्थ असा की, पिण्याच्या पाण्याचा प्रश्न पाण्याच्या परिमाणाचा कमी आणि पाण्यावरील पहिल्या हक्काचा अधिक आहे.

आपल्या संशोधनाने मात्र मुख्यतः परिमाणच मोजले. भूजल पातळी किती वाढली, बागायत क्षेत्र किती वाढले, उत्पन्नात किती भर पडली, हे पाणलोटविषयक प्रबंधांतील ठराविक रकाने होत. कुंभारवाडी पाणलोटाचे आर्थिक मूल्यमापन जागतिक संसाधन संस्थेने २०१३ साली प्रसिद्ध केले. त्यात टँकरवरील खर्च वाचल्याची दखल आहे. तथापि एकूण मांडणीचा भर शेतीच्या लाभावरच आहे. वाढलेले भूजल कोणी उपसले, हा प्रश्न नेटाने विचारला तो वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टच्या ईश्वर काळे यांनी. विहिरी व कूपनलिकांतील पाणी उपसून प्लास्टिकच्या अस्तराच्या शेततळ्यांत साठवण्याच्या प्रथेवर त्यांनी २०१७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त लिहिले. सर्वांचे भूजल अशा रीतीने एकाच्या तळ्यात जाते आणि उन्हात त्याची वाफ होते. हा प्रश्न विद्यापीठीय विभागाकडून नव्हे, तर स्वयंसेवी संस्थेकडून यावा, हे आपणा प्राध्यापकवर्गास भूषणावह नाही.

कायद्याची बाजूही अशीच दुर्लक्षित आहे. सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास १९९३ च्या अधिनियमाने निर्बंध घातला. २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून अंमलात आला आणि त्याने शेती व उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मज्जाव केला. या तरतुदींचे गावपातळीवर काय झाले, हा राज्यशास्त्र, समाजशास्त्र व विधी या तिन्ही विभागांचा विषय आहे. भूगोलाच्या प्रबंधात नकाशे असतात, अर्थशास्त्राच्या प्रबंधात तक्ते असतात. पण कूपनलिका खोदणारी गाडी रात्री गावात येते तेव्हा ग्रामपंचायत काय करते, हे माझ्या वाचनातील एकाही प्रबंधात नाही.

याहून गंभीर दोष कालगणनेचा आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकात पाणी धरून ठेवण्याची क्षमता अल्प असते. वरच्या झिजलेल्या व भेगाळलेल्या थरात जे मुरते, तेवढ्यावर उथळ विहिरी चालतात. दिवाळीत तुडुंब दिसणारी विहीर मार्चमध्ये तळ दाखवते. आपले क्षेत्रकार्य मात्र डिसेंबर-जानेवारीत, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराच्या सोयीने होते. कारण एप्रिल-मे हे महिने परीक्षा व उत्तरपत्रिका तपासणीचे. प्रस्तुत लेखकाने एम.फिल.च्या लघुप्रबंधासाठी प्रश्नावल्या भरून घेतल्या त्या जानेवारीतच. 'पुरेसे पाणी मिळते' असे बहुसंख्य उत्तरदात्यांनी सांगितले आणि तसा निष्कर्ष नोंदवला गेला. पुढे मे महिन्यात काही कामानिमित्त त्याच गावावरून जाताना चौकात हंड्यांची रांग दिसली. लघुप्रबंध तोवर मान्य झालेला होता. त्याची प्रत गावाला देण्याचे ना मला सुचले, ना तशी अट कोणी घातली.

हिवरे बाजारचे उदाहरण येथे मुद्दाम घेतले पाहिजे, पण नेहमीच्या कारणासाठी नव्हे. १९८९ मध्ये सरपंच झालेले पोपटराव पवार वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर पदवीधर होते, भूवैज्ञानिक नव्हते. त्या गावात पाऊस मोजला जातो, विहिरींची पातळी पाहिली जाते, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवला जातो आणि पिण्याच्या पाण्याचा वाटा आधी बाजूला काढून मग पिके ठरतात. सिंचनासाठी कूपनलिका न घेण्याचा निर्णयही गावाचाच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे तांत्रिक साहाय्य गावाने घेतले. प्रश्न मात्र गावाचा राहिला. आपल्या अभ्याससहली तेथे जातात, छायाचित्रे काढतात आणि परततात. शेजारच्या तालुक्यात हाच ताळेबंद का टिकत नाही, हे पाहण्यास कोणी जात नाही. अपयशी गावाचा अहवाल मूल्यांकन समितीपुढे शोभून दिसत नाही, हे त्याचे कारण असावे.

२०१४ च्या उन्नत भारत अभियानाने शिक्षणसंस्थांना किमान पाच गावे दत्तक घेण्यास सांगितले. २०१६ च्या उन्नत महाराष्ट्र अभियानामागे मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राचा, विशेषतः प्रा. मिलिंद सोहोनी यांचा, विचार होता. परिसरातील प्रश्न हाच अभ्यासक्रम मानावा आणि शासनाने असे काम महाविद्यालयांकडे सोपवावे, ही त्यातील भूमिका मला मोलाची वाटते. व्यवहारात मात्र धोका असा की, महाविद्यालय हे बंधारे मोजणारे स्वस्त तपासनीस बनते. बंधारा आहे किंवा नाही, एवढाच शेरा मारायचा असतो. मे महिन्यात त्याच्या खालच्या विहिरीत पाणी होते काय, हे विचारलेलेच नसते. उरलेल्या बहुतेक 'भागीदाऱ्या' म्हणजे नॅकच्या तिसऱ्या निकषासाठी जमवलेले सामंजस्य करार होत, हे येथे कोणास सांगावयास नको.

याच जिल्ह्यात भागीदारीचे एक जुने उदाहरण आहे. गोखले संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. अर्थशास्त्रज्ञ केवळ अहवाल देऊन थांबला नाही, जबाबदारीच्या खुर्चीत बसला. त्या भागीदारीतून ऊस वाढला, हा दैवदुर्विलास मान्य करूनही तिचे स्वरूप आजच्या करारांहून भिन्न होते, हे नाकारता येत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार क्षेत्रप्रकल्प व समाजसंलग्नता यांना आता श्रेयांक आहेत. एका महाविद्यालयाने पाच गावांतील पेयजल विहिरींची पातळी दर आठवड्यास, सलग पाच वर्षे नोंदवावी, आणि ती वही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात न ठेवता ग्रामपंचायतीत ठेवावी, इतपत काम आपल्या आवाक्यात आहे. त्यासाठी उपग्रह नको, दोरी आणि मोजपट्टी पुरे. अडचण एकच : ज्या दहा आठवड्यांत ही नोंद सर्वाधिक हवी, त्या काळात विद्यार्थी सुटीवर आणि शिक्षक उत्तरपत्रिकांवर असतात. विद्यापीठाने या कामासाठी मे महिना मोकळा करून द्यावा, असा ठराव आजवर कोणत्याही अभ्यासमंडळाने मांडल्याचे माझ्या ऐकिवात नाही.