न्यायाधीश एका आकड्यात मावतो का?

पीएचडीला बसायचं ठरवलंय ना? मग विषय तुमचा नसला तरी सीगल आणि कव्हर यांचा १९८९ चा शोधनिबंध एकदा वाचाच. मी स्वतः विज्ञानातून आलोय, तरी मला तो उपयोगी पडला.

प्रश्न साधा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नेमला जाणारा माणूस पुढे कुठल्या बाजूने मत देईल, हे आधी सांगता येईल का? पण विचारसरणी निकालांवरून ठरवायची आणि मग तिच्यावरूनच निकालांचं कारण सांगायचं, हे म्हणजे गोल गोल फिरणं. म्हणून या दोघांनी नेमणुकीपासून सिनेटच्या मतदानापर्यंतचे चार वृत्तपत्रांतले अग्रलेख घेतले, परिच्छेदागणिक उदार-परंपरावादी अशी नोंद केली आणि -१ ते +१ गुण काढले. नागरी स्वातंत्र्याच्या खटल्यांतल्या मतांशी सहसंबंध आला ०.८०. मोजमाप निकालांपासून वेगळं ठेवलं, ही यातली खरी कमाई.

आता माझी हरकत. अग्रलेख लिहिले जातात ते त्या वेळी समाज ज्यावरून दुभंगलाय त्यावर. १९८७ मध्ये सिनेटने बोर्क यांना ५८ विरुद्ध ४२ मतांनी नाकारलं, तेव्हा गर्भपात आणि खासगीपणाचा हक्क वादाच्या केंद्रस्थानी होते. म्हणजे हे गुण माणसाइतकेच त्या भांडणाचंही माप असतात. १९९५ मध्ये सीगल यांनीच सहकाऱ्यांसोबत दाखवलं की रूझवेल्ट आणि ट्रुमन यांनी नेमलेल्या न्यायाधीशांबाबत ही पट्टी तितकी चालत नाही.

बोर्क यांच्या जागी आलेले केनेडी बघा. सिनेटमध्ये ९७-०. १९९२ मध्ये त्यांनी गर्भपाताच्या हक्काचा गाभा राखला, २००७ मध्ये गर्भपाताच्या एका पद्धतीवरची बंदी उचलून धरली, २०१० मध्ये कंपन्यांच्या निवडणूक खर्चाला मोकळीक दिली, २०१५ मध्ये समलिंगी विवाहाचा निकाल लिहिला. सांगा, यांना पट्टीवर कुठे बसवाल?

२०२२ मध्ये रो विरुद्ध वेड रद्द करायला पाच मतं पुरली. इतक्या थोड्या माणसांच्या बाबतीत ‘सरासरीने बरोबर’ म्हणून भागत नाही. एकाबद्दलचा अंदाज चुकला तरी कोट्यवधी बायकांचा हक्क इकडचा तिकडे होतो.

आणि ही पट्टी उचलून आपल्याकडे लावू नका. इथे कॉलेजियम आहे, सिनेटसारखं खुलं मतदान नाही.

तुमच्या प्रस्तावातही असा एखादा देखणा आकडा असेलच. गाईडने विचारायच्या आधी स्वतःलाच विचारा: हा नक्की काय मोजतोय?