वाक्यांचे सांधे

इंग्रजी व्याकरणाच्या ज्या पुस्तकांवर आमची पिढी वाढली त्यांच्यासंबंधी चार शब्द लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. ज्यांच्या अन्नावर वाढलो त्यांस नावे ठेवणे सभ्यपणाचे नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु येथे जो दोष दाखवावयाचा आहे त्यात पुस्तकांइतकाच ती पढविणाऱ्यांचाही वाटा आहे. आणि पंचवीसांहून अधिक वर्षे हेच काम करीत आलेल्या माणसास तो दाखविण्याचा थोडाफार अधिकार असावा.

निमित्त एका वाक्याचे झाले. नंदुरबारास माझ्या वर्गात तळोद्याकडचा एक विद्यार्थी होता. मुलगा हुशार, पाठांतर चोख. एके दिवशी तो मला सांगू लागला, ‘विच बॉय केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर.’ मी सवयीप्रमाणे त्यास मध्येच थांबविले आणि ‘द बॉय हू केम यस्टरडे इज माय ब्रदर’ असे शुद्ध वाक्य त्याच्याकडून म्हणवून घेतले. त्याने ते निमूटपणे म्हटले, आणि त्या दिवशी पुन्हा इंग्रजीत तोंड उघडले नाही. पुढे पदवी घेऊन तो सुरतेस एका नोकरीच्या मुलाखतीस गेला आणि हात हलवीत परत आला. म्हणाला, “सर, मनात वाक्य जुळवीपर्यंत त्यांचा पुढचा प्रश्न आलेला असे.” हे वाक्य मात्र त्याने मराठीत सांगितले, आणि ते माझ्या जिव्हारी लागले.

त्याच्या पहिल्या वाक्यात चुकले होते काय, ह्याचा विचार मी तेव्हा करावयास हवा होता तो पुढे केला. त्यात दोन निराळ्या गोष्टी होत्या. ‘विच बॉय’ हा उघडउघड आपला ‘जो मुलगा’ होय. मराठीत संबंधी सर्वनाम आधी येते आणि दर्शक सर्वनाम मागाहून त्याचे देणे फेडते: जो आला, तो माझा भाऊ. इंग्रजीत ही जोडी नाही, आणि संबंधी वाक्य नामाच्या मागून येते. येथपर्यंत माझी लाल शाई रास्त होती. पण ‘ही’ चे काय? इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांचे घरगुती बोलणे कान देऊन ऐकावे. ‘द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर’ असली वाक्ये तेथे हरघडी ऐकू येतात. कर्ता लांबला की बोलणारा त्यास आधी समोर मांडून ठेवतो, क्षणभर थांबतो, आणि मग एका लहानशा सर्वनामाने त्याचे बोट धरून पुढे चालू लागतो. लेखात ते दिसले तर संपादक खोडील. बोलण्यात ते स्वाभाविकच आहे. म्हणजे मुलाच्या वाक्यातील निम्मी चूक मराठीची होती, आणि उरलेली निम्मी चूकच नव्हती. मी दोन्ही एकाच फटकाऱ्याने खोडली.

हा फटकारा आमच्या हाती कोठून आला, हे पाहण्यासारखे आहे. नेसफील्डसाहेब वायव्य प्रांत व अयोध्या येथील शिक्षणखात्याचे प्रमुख होते. त्यांचे व्याकरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाले. त्यानंतर 1930 च्या दशकात रेन आणि मार्टिन ह्यांचे आले. ह्यांपैकी रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेले कादंबरीकार! ही पुस्तके हिंदुस्थानातील विद्यार्थ्यांकरिता रचलेली, आणि त्यांचा आत्मा म्हणजे वाक्यपृथक्करण. केवल वाक्य, मिश्र वाक्य, संयुक्त वाक्य; प्रधान कोणते, गौण कोणते; नामवाक्य की विशेषणवाक्य. उदाहरणे बहुधा म्हणी, सुभाषिते, इतिहासातील प्रसंग आणि कवितांच्या ओळी ह्यांतून निवडलेली. उभयान्वयी अव्ययांच्या यादीत ‘नॉटविथस्टँडिंग’ पासून ‘इन ऑर्डर दॅट’ पर्यंत सर्व मानकरी हजर असतात. ‘सो’ हा बोलीचा राबता गडी मात्र कोपऱ्यात अंग चोरून उभा दिसतो.

ह्या पुस्तकांचा हेतू वाचन आणि लेखन हा होता, व तो त्यांनी उत्तम साधला, हे मान्य केलेच पाहिजे. ज्या काळी गावात एखादाच अंमलदार इंग्रजी बोलत असे आणि अर्ज, निकालपत्रे व ग्रंथ हेच इंग्रजीचे दर्शन होते, त्या काळी ह्याहून निराळे पुस्तक कोणी मागितलेही नसते. परंतु 2000 सालापासून महाराष्ट्रात पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी आले. आता धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातील ज्या मुलाची घरची भाषा भिली किंवा पावरी, आणि मराठी हीच ज्याने शाळेत मिळविलेली दुसरी भाषा, तोही तिसरी म्हणून इंग्रजी शिकतो. आणि ती त्यास बोलावयास हवी असते. त्याच्या हाती आपण अजून वाक्य चिरण्याची सुरीच देत आहोत.

बोलण्यात वाक्यास वाक्य कसे सांधले जाते, ह्याचा शोध विद्वानांनी घेतलेला नाही असे नाही. अमेरिकेत चार्ल्स फ्रीज ह्यांनी यंत्राने मुद्रित केलेल्या सुमारे 50 तासांच्या संभाषणांवर आपले इंग्रजी वाक्यरचनेचे पुस्तक उभारले; ते 1952 साली प्रसिद्ध झाले. 1999 साली डग्लस बायबर व त्यांचे सहकारी ह्यांनी बोली आणि लेखी इंग्रजीचे जे जाडजूड व्याकरण सिद्ध केले, त्यात तर ही तुलना पानोपानी आहे. ‘थिंक’, ‘नो’, ‘से’ ह्यांसारख्या क्रियापदांपुढचा ‘दॅट’ संभाषणात गळणे हाच सर्वसाधारण प्रकार, आणि शास्त्रीय लेखनात तो राखणे हा. आमचा विद्यार्थी मात्र ‘आय थिंक दॅट ही इज कमिंग’ असेच म्हणणार, कारण त्या ‘दॅट’ वर ‘की’ ची मुद्रा आम्हीच उठविली आहे.

संबंधी सर्वनामांचेही असेच. ‘द बुक विच आय बॉट यस्टरडे’ हे आम्ही शिकवितो. बोलणारा ‘द बुक आय बॉट यस्टरडे’ म्हणून मोकळा होतो. सर्वनाम गौण वाक्याचा कर्म असेल तर ते गाळता येते, कर्ता असेल तर सहसा नाही, नियम एवढाच. तो पुस्तकांत असतो, नाही असे नाही, पण सवलत म्हणून. आणि सवलत घ्यावयास भित्रा विद्यार्थी धजत नाही.

येथे आपल्या भाषांतरपद्धतीचा खरा घोटाळा दिसतो. तर्खडकरांच्या पाठमालेपासून आपण ‘जे पुस्तक मी काल घेतले ते’ ह्यास ‘द बुक विच आय बॉट’ असे जोडून देत आलो. पण आपल्या घरात कोण असे बोलतो? ‘मी काल घेतलेलं पुस्तक कुठंय?’ असेच आपण विचारतो. त्यात ‘जे’ नाही आणि ‘ते’ ही नाही. इंग्रज घरातही ‘विच’ नाही. दोन्ही घरांत सर्वनामावाचून काम भागत असताना, दोन्ही भाषांचे दरबारी पोषाख काढून आपण ते एकमेकांसमोर मांडले. ‘ऊन’ प्रत्ययाची गत ह्याहूनही केविलवाणी. ‘जाऊन बघतो’ ह्याचे ‘हॅविंग गॉन, आय शॅल सी’ असे भाषांतर मी स्वतः लहानपणी केलेले आहे व त्यावर शाबासकीही मिळविली आहे. ‘आय विल गो अँड सी’ हे साधे उत्तर कोणी सांगितले नाही. खानदेशातल्या मुलाच्या तोंडी अहिराणीतले ‘जाईसन’ असते. ‘जाऊन’ चे काम तेथे ते करते. त्या ‘जाईसन’ पासून ‘गो अँड’ एका पावलावर आहे, पण आम्ही त्यास ‘हॅविंग’ च्या वळशाने नेतो.

बोली म्हणजे तुटक, अडाणी वाक्ये, असा एक समज सुशिक्षितांत आहे. तोही टाकला पाहिजे. हॅलिडे ह्यांनी 1985 सालच्या आपल्या पुस्तकात दाखविले आहे की लेखनात शब्दांची दाटी अधिक, तर बोलण्यात वाक्यांची गुंफण अधिक. एक नमुना घ्या: ‘आय वेंट टु द स्टेशन अँड ही वॉजन्ट देअर, सो आय कॉल्ड हिम, बट ही डिडन्ट आन्सर, विच वॉज स्ट्रेंज, बिकॉज ही ऑलवेज डज.’ सहा वाक्ये एका दमात, आणि कोठे शिवण दिसत नाही. ‘ही’ व ‘हिम’ हा धागा तुटू देत नाहीत. ‘विच’ येथे कोणत्याही एका नामाकडे नव्हे, तर त्याने उत्तर न दिले ह्या सबंध घटनेकडे बोट दाखवितो. शेवटच्या ‘डज’ मध्ये ‘उत्तर देतो’ एवढे सगळे मावले आहे. हेच आपण कसे सांगू? ‘स्टेशनवर गेलो तर हा नाही! मग फोन केला, तर उचलीना. नवलच, एरवी लगेच उचलतो.’ आपला भार ‘तर’ आणि ‘मग’ ह्यांवर, आणि ‘मी’ तर कोठेच नाही, कारण क्रियापदाच्या प्रत्ययातच तो बसलेला. म्हणूनच आमची मुले इंग्रजीत सर्वनाम गाळतात आणि ‘इज रेनिंग’ म्हणतात. त्यांस ‘इट’ विसरू नका असे नुसते दटावण्यापेक्षा आपल्या क्रियापदात कोण लपला आहे ते दाखविले, तर लवकर उमजते असा माझा अनुभव आहे.

शुद्धाशुद्धाचा आग्रह धरणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंस एक जुनी गंमत सांगावीशी वाटते. 1711 साली ‘स्पेक्टेटर’ पत्रात स्टीलने ‘हू’ आणि ‘विच’ ह्यांच्या नावाने एक विनोदी अर्ज छापला. ‘दॅट’ नावाच्या उपटसुंभाने आमचे वडिलोपार्जित स्थान बळकावले, अशी त्यांची फिर्याद. वस्तुस्थिती नेमकी उलटी: संबंधी सर्वनाम म्हणून ‘दॅट’ च जुना, आणि ‘हू’, ‘विच’ हे प्रश्नार्थकांच्या पंक्तीतून मागाहून आलेले. उपऱ्यांनीच घरमालकावर दावा लावला!

अलीकडे मी वर्गात फळ्यावर मधोमध रेघ ओढून दोन रकाने करतो, एक ‘लिहिताना’ आणि एक ‘बोलताना’. उत्तरपत्रिकेत तो जादा ‘ही’ अजूनही कापावाच लागतो, आणि तसे मी स्पष्ट सांगतो. “मग खरं कोणतं, सर?” असे शहाद्याच्या एका विद्यार्थिनीने विचारले, तेव्हा दोन्ही, एवढेच उत्तर मला देता आले. लिहितानाचा रकाना तासाभरात पुस्तकातून भरून निघाला. दुसऱ्यासाठी मुले चित्रपटांतील आणि मुलाखतींतील वाक्ये टिपून आणतात. त्यांतली काही मलाही नवी असतात, आणि तो रकाना अद्याप अर्ध्याहून अधिक मोकळा आहे.