स्मृतीतील रिकामी जागा आणि जबाबदारीचा प्रश्न : ‘आय मे डिस्ट्रॉय यू’ या मालिकेची चिकित्सा

प्रस्तावना

गुंगीचे औषध देऊन केलेला लैंगिक अत्याचार हा विषय आपल्या लोकप्रिय चित्रपटांना नवा नाही. शीतपेयात काहीतरी मिसळणारा खलनायक आणि सकाळी शुद्धीवर आलेली नायिका हे दृश्य हिंदी पडद्यावर अनेकदा येऊन गेले आहे. मात्र या दृश्यात प्रेक्षकाला सर्व काही ठाऊक असते. ज्या स्त्रीवर अत्याचार झाला तिला काय ठाऊक असते, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. मायकेला कोल यांनी लिहिलेली ‘आय मे डिस्ट्रॉय यू’ ही बारा भागांची मालिका जून २०२० पासून बीबीसी व एचबीओ या वाहिन्यांवर प्रसारित झाली. तिने नेमका हाच प्रश्न केंद्रस्थानी ठेवला. या मालिकेची मांडणी आणि जनजागृतीची प्रचलित भाषा यांचा परस्परसंबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मालिकेची पार्श्वभूमी

कोल यांचा जन्म १९८७ मध्ये लंडनमध्ये, घानामधून आलेल्या कुटुंबात झाला. एका मालिकेचे लेखन रात्रभर सुरू असताना थोडा वेळ बाहेर गेल्यावर आपल्यावर असा अत्याचार झाल्याचे त्यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये एडिंबरा येथील मॅकटॅगर्ट व्याख्यानात जाहीरपणे सांगितले. या मालिकेच्या लेखनासाठी त्यांना २०२१ मध्ये एमी पुरस्कार मिळाला. आत्मानुभवाचा आधार असूनही मालिका आत्मकथन होत नाही, हे तिचे पहिले वैशिष्ट्य होय.

कथेची नायिका अॅराबेला ही लंडनमधील तरुण लेखिका आहे. पुस्तकाचा मसुदा सकाळपर्यंत द्यावयाचा असताना ती मित्रासोबत बारमध्ये जाते. सकाळी ती पुन्हा लिहावयास बसलेली दिसते. कपाळावर जखम आहे, मोबाईलचा पडदा फुटलेला आहे आणि मधली रात्र गायब आहे. शिल्लक राहते ती केवळ एक क्षणचित्राची आवृत्ती : स्वच्छतागृहाची अरुंद खोली आणि वर वाकलेला एक पुरुष.

विस्मरण नव्हे, नोंदच नाही

मालिकेचे वैद्यकीय सत्य येथे आहे. फ्लुनिट्राझेपामसारखी बेन्झोडायझेपाइन गटातील औषधे मेंदूत नवी स्मृती तयार होण्याच्या क्रियेतच अडथळा आणतात. व्यक्ती चालते, बोलते, कदाचित हसतेही. पण त्याची नोंद होत नाही. म्हणून ‘आठवून सांग’ ही मागणी येथे निरर्थक ठरते. जीएचबीसारखे द्रव्य तर साधारण बारा तासांनंतर मूत्रातही सापडत नाही. म्हणजे पीडितेला स्वतःची खात्री पटेपर्यंत पुरावा शरीरातून निघून गेलेला असतो.

पोलिसांसमोर अॅराबेला सुरुवातीस हे आपल्याबाबत घडले असे म्हणतच नाही. डोक्यात दिसणारे एक दृश्य, एवढेच ती सांगते. समोरच्या महिला अधिकारी घाई करीत नाहीत. जबाब नोंदविण्याची ही रीत अनेक व्याख्यानांपेक्षा अधिक शिकवून जाते. याउलट तिचा मित्र क्वामे स्वतःवरील अत्याचाराची तक्रार घेऊन जातो तेव्हा त्याच्या वाट्यास अवघडलेपण व अनास्था येते. ऐकून घेणे हा तपासाचाच भाग आहे, हे या दोन प्रसंगांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

‘पेल्यावर लक्ष ठेव’ : एका उपदेशाची मर्यादा

इटलीतील प्रियकर बियाजिओ याला अॅराबेला घडलेले सांगते, तेव्हा तिने पेल्यावर लक्ष ठेवावयास हवे होते, असे तो तिलाच सुनावतो. जनजागृतीच्या फलकांवरील वाक्य येथे आरोपाचे रूप घेते. सावधगिरीचा सल्ला चुकीचा नाही. परंतु तोच एकमेव सल्ला असेल, तर अपराधाची जबाबदारी अलगद पीडितेकडे सरकते. अशा घटनांत सर्वाधिक आढळणारे द्रव्य कोणतेही गूढ औषध नसून मद्य हेच असते, ही वस्तुस्थितीही त्या उपदेशात झाकली जाते.

अॅराबेला निष्कलंक नायिका नाही. ती स्वेच्छेने मद्य घेते, अमली पदार्थही घेते. तरीही स्वेच्छेने घेतलेली नशा म्हणजे संमती नव्हे, या मुद्द्यावर मालिका तसूभरही ढळत नाही. कायद्याची भूमिकाही येथे सुस्पष्ट आहे. इंग्लंडच्या २००३ च्या लैंगिक अपराध कायद्यात नकळत गुंगी आणणारे द्रव्य देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्याकडे १९८३ च्या दुरुस्तीने नशेत दिलेल्या संमतीचा मुद्दा भारतीय दंड संहितेत आला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये तो कायम आहे. नशेमुळे आपण कशास संमती देत आहोत व तिचा परिणाम काय, हे जिला कळत नाही, तिची संमती ही संमती नव्हेच.

शेवट आणि मर्यादा

पुराव्याअभावी तपास बंद होतो. अखेरच्या भागात नायिका त्या पुरुषाशी होणाऱ्या भेटीची तीन रूपे कल्पिते : सूड, संवाद आणि भूमिकांची अदलाबदल. शेवटी ती त्या बारमध्ये जातच नाही. न्याय न मिळालेल्या व्यक्तीला आपल्या आयुष्याचे लेखन पुन्हा हाती घ्यावे लागते, असा याचा अर्थ लावता येईल. मात्र त्यामुळे व्यवस्थेचे अपयश व्यक्तीच्या मनोबलाच्या कथेत विरून जाते, हा आक्षेपही घ्यावा लागेल. तसेच वर्ण, समाजमाध्यमे, मैत्री अशा अनेक सूत्रांच्या दाटीत क्वामेच्या दुःखाला पुरेसा अवकाश मिळत नाही.

समारोप

या मालिकेचे महत्त्व तिने प्रश्नाची दिशा बदलली यात आहे. ‘ती काय प्यायली?’ याऐवजी ‘तिला कोणी पाजले, सोबतचे कोठे होते आणि नंतर तिचे कोणी ऐकले?’ असे ती विचारते. महाविद्यालयांतील जनजागृतीच्या कार्यक्रमांनीही हीच दिशा घेणे आवश्यक वाटते. विद्यार्थिनींना पेला जपावयास सांगताना, भोवळलेल्या मैत्रिणीला एकटे सोडू नये, शंका येताच आठवणीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे व पहिले मूत्र तपासणीसाठी राखावे, हे सर्वच विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार शासकीय व खाजगी अशा सर्वच रुग्णालयांवर पीडितेला विनामूल्य उपचार देणे बंधनकारक आहे. आणि विद्यार्थ्यांना आणखी एक वाक्य सांगावयाचे राहून जाते, ते असे की, बेशुद्ध किंवा भान हरपलेल्या व्यक्तीला स्पर्श करण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रतिबंधाचा खरा प्रारंभ या वाक्यापासून होतो.