पंडिता रमाबाईंची ‘साक्ष’

धर्मांतर केलेल्या माणसाने आपल्या धर्मांतराची हकीकत लिहिली की आपण मराठी वाचक ती एक तर वाचीत नाही, किंवा वकिलाने प्रतिपक्षाची जबानी वाचावी तशी वाचतो. पंडिता रमाबाईंच्या ‘साक्ष’ या 1907 सालच्या लहानशा पुस्तकाचे असेच झाले. रमाबाईंचे चरित्र पुष्कळांस ठाऊक असते. पण बाईंनी आपल्या अंतःकरणाचा जो हिशेब स्वतःच मांडून ठेवला, तो उघडून पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. आम्हीही ती उशिराच घेतली, आणि त्यास निमित्त झाला केज येथे एका स्नेह्यांच्या ओसरीवर निघालेला वाद.

ख्रिस्ती लोक सेवा करतात ती माणसे मिळविण्यासाठी, असे एका गृहस्थांचे म्हणणे. सेवा ती सेवा, तिच्या पोटात काय आहे ते चाचपू नये, असे दुसऱ्यांचे. सेवा करणारा याविषयी स्वतः काय म्हणतो, हे विचारण्याचे दोघांसही सुचले नाही. ईश्वरावरील प्रीती आणि शेजाऱ्यावरील प्रीती या दोन आज्ञा येशूने एकत्रच सांगितल्या, आणि पहिलीतून दुसरी आपोआप उगवते असा ख्रिस्ती भाविकांचा विश्वास आहे. सिद्धांत म्हणून हे ठीक. एका बाईच्या आयुष्यात ते कसे घडले, किंवा घडले की नाही, हे तपासण्यास ‘साक्ष’ फार उपयोगी पडते.

आणि तपासू जाता पहिल्याच पायरीस ठेच लागते. रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो 1883 साली, इंग्लंडात. पण त्या वेळी आपणांस ख्रिस्ताचा धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्या सांगतात. ती ओळख पटली सुमारे आठ वर्षांनी. शारदा सदन तर त्यांनी 1889 च्या मार्चमध्येच मुंबईत उघडले होते. म्हणजे देव जवळचा होण्याच्या आधीच सेवा सुरू झाली होती! एखाद्या भाविक चरित्रकाराने हा अडचणीचा क्रम हळूच झाकून टाकला असता. बाई झाकीत नाहीत, आणि म्हणूनच आम्ही त्यांच्या साक्षीवर विश्वास ठेवतो.

मग सेवेचा उगम कोठे? आमच्या मते तो भुकेत आहे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांचे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडले, आणि दुष्काळात आई, बाप व थोरली बहीण या मुलीच्या डोळ्यांदेखत गेली. पुढे 1882 साली तिला वैधव्यही आले. अशा बाईस अनाथ विधवेची कणव येण्यास निराळ्या साक्षात्काराची गरज ती काय? बीड जिल्ह्यातल्या ज्या घरांत 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी वडीलधाऱ्यांकडून ऐकू येतात, तेथे तरी हे समजावून सांगावे लागू नये.

परंतु कणव कोठवर पोचते, हा प्रश्न निराळा आहे, आणि या पुस्तकाचे सारे मोल आम्हांस येथे वाटते. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते. तेथे ज्यांना सोवळेओवळे पाळावयाचे त्यांना ते पाळण्याची मोकळीक होती. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. जे घर आपण सोडले त्या घरच्याच लेकींसाठी बाईंनी दार उघडले होते. 1891 नंतर हे दार रुंदावत जाते. 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व बाया उचलून घेऊन आल्या. भुकेने अर्धमेल्या त्या जिवांत जात पाहण्यास जागा उरली नव्हती. केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले ते यांच्यासाठी. 1899 साली त्याच्या शेजारी कृपासदन आले, आणि ते होते समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी.

या कृपासदनाचे बी मात्र सोळा वर्षे जुने होते. इंग्लंडातील पहिल्या दिवसांत बाईंनी लंडनमधील फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनींचे एक आश्रयगृह पाहिले. अशा बायकांना मायेने वागविणाऱ्या त्या भगिनींस पाहून त्या चकित झाल्या, आणि हे तुम्ही का करिता असे त्यांनी विचारले. उत्तर म्हणून त्यांना विहिरीवरील शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. या प्रसंगाच्या वर्णनात बाईंच्या लेखणीचा वादविवादी सूर गळून पडतो. आपल्या शास्त्रांत अशा बाईला क्षमा नाही, असे त्या यावरून म्हणतात. येथे आम्ही अडतो. मंगळवेढ्याच्या गणिकेची लेक कान्होपात्रा पंढरीच्या राउळात कायमची वसली आहे. रमाबाईंनी संस्कृत पोथ्या वाचल्या, पण वारकऱ्यांच्या दिंडीकडे त्यांनी पाहिलेच नाही, आणि हा दोष लहान नव्हे. तथापि आमच्या मनाने लगेच उलट प्रश्न केला: कान्होपात्रेस विठ्ठलाने पदरात घेतले खरे, पण तिच्यासारख्या दुसरीसाठी आमच्या कोणत्या गावाने एखादी खोली तरी बांधली?

आता दुसरी बाजू. 1893 साली रानडे आणि भांडारकर शारदा सदनाच्या सल्लागारपदावरून दूर झाले. सदन धर्मनिरपेक्ष राहील हे अभिवचन पाळले जात नाही, हा त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. केडगावी तर उपाशी पोरीस अन्न देणारा हात आणि बाप्तिस्म्याकडे नेणारा हात एकच होता. अशा पोरीच्या संमतीस स्वतंत्र संमती म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. बाईंना हा प्रश्नच पडलेला दिसत नाही. ज्या भाकरीने आपण जगलो ती दुसऱ्यास न देणे हेच त्यांना पाप वाटत होते.

ही दोन सूत्रे वेगळी राहू शकतात, याचा दाखला आमच्या केजच्या बाजूस फार दूर नाही. बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडास रजनीकांत व मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य 1970 साली येऊन राहिले. खेड्यांतील निरक्षर बायांस, आणि त्यांत दलित बायांसही, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांची भक्ती उघड होती. पण औषधासाठी आलेल्या रोग्यास तिची किंमत द्यावी लागत नव्हती. 1979 चा मॅगसेसे पुरस्कार दोघांस मिळाला. आमच्या ओसरीवरील पहिल्या गृहस्थांनी जामखेडचे नाव ऐकले होते, एवढेच नव्हे तर त्यांच्या एका आप्तावर तेथे उपचारही झाले होते. वादाच्या भरात त्यांस ते आठवले नाही.

पण आम्ही साहित्याचे अभ्यासक. आमची नजर शेवटी भाषेवर जाते. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या ज्या विद्वत्तेवर कलकत्त्यास मिळाल्या, ती विद्वत्ता बाईंनी उतारवयात जाणूनबुजून उतरवून ठेविली. त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या, आणि बायबलाचे मराठी भाषांतर त्यांनी असे केले की ज्या बाईने कधी शाळा पाहिली नाही तिलाही ते ऐकून कळावे. संस्कृत शब्द सुचत असता तो टाळणे हे संस्कृतज्ञास किती जड जाते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. भाषांतर कोठे कोठे ओबडधोबड वाटते, हे खरे. पण तो ओबडधोबडपणा ज्यांच्यासाठी पत्करला, त्याच केडगावच्या बायांनी छापखान्यात त्याचे खिळे जुळविले. बाई 5 एप्रिल 1922 रोजी वारल्या. त्याच्या थोडेच आधी भाषांतर पुरे झाले होते, आणि ग्रंथ 1924 साली बाहेर आला.