‘प्लॅन’, ‘पोर्टल’ आणि ‘कर्सर’ : एका संज्ञाव्यवस्थेचे परीक्षण

पोस्टग्रेसक्यूएलच्या सर्व्हरमध्येच चालणारे फंक्शन सी भाषेत लिहिताना एसक्यूएलशी व्यवहार ज्या साधनसंचामार्फत होतो, त्यास सर्व्हर प्रोग्रामिंग इंटरफेस, संक्षेपाने एसपीआय, म्हणतात. त्यातील नावे कृती नेमकी सांगतात. निर्माण झालेली वस्तू किती काळ टिकेल हे मात्र सांगत नाहीत. हा दोष वरवर दिसतो त्याहून गंभीर आहे.

एसपीआय_प्रिपेअर आज्ञा सिद्ध करून ‘प्लॅन’ हाती देते. वस्तुतः २०१२ च्या ९.२ आवृत्तीपासून त्यात अंमलाची योजना असतेच असे नाही. प्राचले असलेल्या आज्ञेची योजना निदान पहिल्या पाच वेळी त्या त्या मूल्यांनुसार नव्याने रचली जाते. नाव ऐतिहासिक आहे, अशी कबुली अधिकृत दस्तऐवजातही आहे. अर्थ निघून गेला, शब्द राहिला!

एसपीआय_कर्सर_ओपन कर्सर उघडते, पण परत देते ते ‘पोर्टल’. हा शब्द बर्कलीच्या परंपरेतला. स्टोनब्रेकर व रो यांनी १९८४ मध्ये त्यावर निबंध लिहिला होता. ‘कर्सर’ हा एसक्यूएलचा शब्द, मूळ लॅटिन अर्थ धावणारा. दोन कुळांचे शब्द एकाच वस्तूवर स्थिरावले, इतकेच.

खरा प्रश्न आयुर्मानाचा. एसपीआय_कीपप्लॅनने राखला नाही तर प्लॅन एसपीआय_फिनिशबरोबर नष्ट होतो. त्यावरून उघडलेले पोर्टल मात्र व्यवहार संपेपर्यंत जगू शकते, कारण न राखलेल्या प्लॅनची प्रत पोर्टल स्वतःजवळ घेते. जन्य जनकाहून दीर्घायुषी ठरते. ओळींची गत याहून फसवी आहे. थोड्या थोड्या ओळी घेतल्याने स्मृती वाचते, हा कर्सरचा मुख्य लाभ सांगितला जातो. परंतु एसपीआय_कर्सर_फेच प्रत्येक वेळी नवा ओळीसंच निर्माण करते, आणि तो एसपीआय_फ्रीटपटेबलने मुक्त न केल्यास एसपीआय_फिनिशपर्यंत तसाच राहतो. शंभर-शंभर ओळींनी लक्षावधी ओळी वाचणारे फंक्शन अखेरीस त्या सर्वच स्मृतीत साठवते. लहान तक्त्यावर घेतलेल्या चाचणीत हे उघडकीस येत नाही. ‘फेच’ या क्रियापदात आणण्याचा भाव आहे, साठवण्याचा नाही. वाचक फसतो तो येथेच. मुक्त करण्याची सूचना दस्तऐवजात आहे, पण ती त्या दुसऱ्या फंक्शनच्या पानावर. जेथे चूक घडते तेथे ती नाही, ही मांडणी समर्थनीय म्हणता येत नाही.

‘कर्सर’ या शब्दाचा अर्थही सर्वत्र एक नाही. एसक्यूएलमधील डिक्लेअर कर्सरची योजना आखताना फलिताचा दहावा भागच वाचला जाईल असे मूलतः गृहीत धरले जाते. एसपीआय_प्रिपेअरने सिद्ध केलेल्या प्लॅनवर कर्सर उघडला तर हे गृहीत लागू होत नाही. त्यासाठी एसपीआय_प्रिपेअर_कर्सर वापरून तसा पर्याय आधीच द्यावा लागतो. मागे जाऊन ओळी वाचण्याच्या हमीचीही तीच स्थिती.